अण्णांचा कान, आमचं 'दूद' आणि शंभरातले बावन्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी विट्याजवळच्या एका गावात झेडपीच्या शाळेत शिकवते, तेवीस वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर कात्री तुमच्या हातात आहे. गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, ती डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, बहात्तर वर्षांचे. सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं आणि त्यातली निम्मी वर्षं ट्रॅक्टरच्या मागं ब्लोअर लावून औषध मारण्यात. ब्लोअरचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, आणि कानात बोळे घालायचं त्या काळात कुणाच्या डोक्यातबी येत नव्हतं. तर दोनेक वर्षं झाली अण्णांना कमी ऐकू येतं. टीव्ही मोठा, फोनवर "आँ? आँ?", आणि चारचौघात बसले की नुसतं हसायचं, म्हंजे कळलं नाही हे आम्ही ओळखायचं. शेवटी भाऊ आणि मी त्यांना सांगलीला कान तपासायला घेऊन गेलो. सेंटरचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती, आणि माझी तक्रार एकट्या त्यांच्यावर नाहीच, ती अर्धी माझ्यावरच आहे, ते पुढं येईल.

तिथं दोन तपासण्या असतात. पहिलीत एका बंद खोलीत बसवून हेडफोन लावतात, आणि नुसती शिट्टीसारखी पीं पीं येते, २५० हर्ट्झच्या जाड आवाजापासून ८००० हर्ट्झच्या बारीक आवाजापर्यंत, ऐकू आली की बटण दाबायचं, मग त्याचा आलेख काढतात. अण्णांचा आलेख डावीकडं बरा आणि उजवीकडं उतरत गेलेला, घाट उतरावा तसा. म्हंजे जाड आवाज येतात, बारीक आवाज येत नाहीत. ते मान्य. वय आहे, ब्लोअर आहे. त्या पीं पीं ला ना जात ना गाव, तिथं भांडायला जागा नाही.

दुसरी तपासणी शब्दांची. मॅडम काचेच्या अलीकडनं माइकमध्ये एकेक शब्द म्हणणार, तोंडापुढं कागद धरून, म्हंजे ओठ बघून ओळखता येऊ नये, आणि अण्णांनी जे ऐकलं ते परत म्हणायचं. पंचवीस शब्द, एकाला चार मार्क. मी मॅडमच्या शेजारी स्टुलावर, त्यामुळं दोन्हीकडचं मला ऐकू येत होतं.

"दूध."

"दूद."

फुली.

"वाघ."

"वाग."

फुली.

"तास."

"तात?"

फुली.

"कोण."

"कोन."

फुली.

"शेण."

"शेन," आणि वर अण्णांनी विचारलं, "जनावराचंच नव्हं?"

मॅडम गोड हसल्या आणि फुली मारली.

मी बघतच राहिले. माणूस जनावराचं शेण म्हणतोय, म्हंजे शब्द कानातनं डोक्यात आणि डोक्यातनं गोठ्यापर्यंत नीट पोचलाय, तरी फुली. पंचवीसात तेरा बरोबर, बावन्न टक्के. मॅडम म्हणाल्या, नुसता आवाज कमी येतोय असं नाही, शब्द ओळखायची क्षमताच बरीच कमी झालीये, त्यामुळं मशीन लावलं तरी फायदा किती होईल सांगता येत नाही. भावाचं तोंड उतरलं. अण्णांना काही ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असलं तरी ते हसले.

मी ती यादी मागून घेतली, फुल्यांसकट. येताना गाडीत बसून बघितली. बारा फुल्या. त्यातल्या सहा खऱ्याच चुकलेल्या, 'तास'ला 'तात', 'कप'ला 'कट', असल्या, त्यात स सारखे बारीक आणि प सारखे हलके, फुसकन जाणारे आवाज, आलेखाशी बरोबर जुळणारे. आणि उरलेल्या सहा? दूद, वाग, पाट (पाठला), आट (आठला), कोन, शेन. हे सहाच्या सहा शब्द आमच्या गावात लहानपणापासनं असेच म्हणतात, तरण्या पोरांचे कान शाबूत आहेत तीबी असंच म्हणतात. म्हंजे पेपर कानाचा होता आणि मार्क कापले तोंडाचे.

आता मी मराठीचीच बाई, त्यामुळं घरी येऊन शांत बसवेना. तोंडानं म्हणून बघा तुम्हीसुद्धा. 'दुधात' म्हणा. ध मधला ह कसा सुटतो, कारण त्याच्यामागं 'आ' आहे, ह त्याच्यावर बसून बाहेर येतो. आता नुसतं 'दूध' म्हणा. शेवटचा अ आपण लिहितो पण म्हणत नाही, शब्द ध वर बंद होतो, तोंड मिटलं की ह ला बसायला काही उरतच नाही. मग तो हलका पडतो, आणि भरभर बोलताना पडूनच जातो. हे आमच्या तासगावातच होतं असं नाही हो, प्रमाण मराठी बोलणाऱ्या पुष्कळांचं होतं, फरक एवढाच की ते 'दुधात' म्हणताना ह परत आणतात आणि आमच्याकडं कित्येकजण 'दुदात' म्हणून मोकळे होतात.

आणि मराठीनं हे आधी केलेलंच आहे की! हिंदीत हाथ, भूख, भीख. मराठीत हात, भूक, भीक. संस्कृतातला हस्त, प्राकृतात हत्थ झाला, हिंदीनं हाथ ठेवला, मराठीनं शेवटचा ह टाकला आणि तेच शुद्ध म्हणून पुस्तकात छापलं. हात म्हटल्यावर कुणी आपल्याला अडाणी म्हणत नाही. माझ्या आजीचं दूद त्याच रस्त्यानं निघालेलं, फक्त पुस्तकात पोचायच्या आत रस्ता बंद झाला. (आणि 'दूद'ला नाकं मुरडणारे डेअरीवर मोठ्या अक्षरात 'दुध' अशी पाटी लावतात. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणं अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा उकार दीर्घ, म्हणून दूध, मूल, पूर. पाटीवरची ती चूक कुणाच्या कानाला टोचत नाही.)

मग मी एक उद्योग केला. मोबाईलवर दोनदा रेकॉर्ड केलं, एकदा "सकाळी दूध घेतलं" आणि एकदा मुद्दाम "सकाळी दूद घेतलं". स्टाफरूममध्ये डबे खाताना दोन्ही ऐकवलं. पाच जण होतो. दोन्ही वेळा सगळ्यांना दूधच ऐकू आलं, आमच्या हेडमास्तरांनासुद्धा, ज्यांनी अख्खं आयुष्य लाल पेन चालवलंय. दूद असा दुसरा कुठला शब्दच मराठीत नाही, मग कान परस्पर ध भरून टाकतो. हे आपलंच खूळ नव्हे. अमेरिकेत वॉरेन म्हणून एका संशोधकानं १९७० साली एका वाक्यातल्या शब्दातलं एक अक्षर कापून तिथं खोकल्याचा आवाज बसवला, तर ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला, अक्षर गायब आहे हे कळलंच नाही. ही सगळी माहिती मला मैत्रिणीच्या मुलीनं दिली, ती भाषाशास्त्र शिकतीय, तिला मी आठवडाभर फोन करून पिडलं.

आता गंमत बघा. माझं दूद स्टाफरूमला दूध ऐकू आलं, मग अण्णांचं दूद मॅडमना दूदच कसं ऐकू आलं? मला वाटतं समोर धोतर-टोपी होती म्हणून. तेच कुणी शर्टइन केलेल्या प्रोफेसरांनी म्हटलं असतं तर बरोबरची खूण पडली असती, आणि मॅडमनी काही मुद्दाम केलं नाही, त्यांना खरंच तसं ऐकू आलं असणार. यावर पण काम झालंय. १९९९ साली नीडझिल्स्की नावाच्या बाईंनी अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या लोकांना एकाच बाईचं बोलणं ऐकवलं, काहींच्या कागदावर लिहिलं होतं की ही मिशिगनची आहे आणि काहींच्या कागदावर कॅनडाची. आवाज तोच. पण कागदावरचं गाव बदललं की लोकांना स्वर वेगळे ऐकू आले. मग आमच्याकडं कागदाची गरजच काय, टोपी पुरे.

इथं मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मॅडमवर सगळं ढकलल्यासारखं होईल. तेवीस वर्षं मी श्रुतलेखन घेते. "बाळांनो, नीट कान देऊन ऐका," असं म्हणून शब्द सांगते. आणि पोरगं 'पानी' लिहितं, 'कोन' लिहितं, 'शेन' लिहितं, की मी म्हणते, "कान कुठं होता रे तुझा?" किती पोरांना म्हटलं असेल. कान होता की तिथंच! ज्या घरात आई-बाप-आजी सगळे न च म्हणतात त्या घरातल्या पोराच्या कानाला ण वेगळा ठेवायचं कामच कधी पडलं नाही. कोन म्हंजे भूमितीतला आणि कोन म्हंजे दारात आलाय तो, दोन्ही एकच, आणि घोळ कधी होत नाही, कारण दारात भूमितीतला कोन येत नाही.

आणि कान हे शिकतो कधी, तर पोर बोलायच्या आधी. कॅनडात वर्कर आणि टीस या दोघांचं १९८४ चं काम आहे, त्यांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईस्तोवर बहुतेकांचा तो फरक गेला. त्यांच्या मोठ्या माणसांना तर त आणि ट एकच वाटतात, म्हणून साहेब 'तुमी' ला 'टुमी' म्हणायचा. म्हंजे पोर पाळण्यातनं उतरायच्या आत घरातल्या बोलीनं त्याचा कान तासून ठेवलेला असतो आणि मी पाचवीत त्याला म्हणते, कान कुठं होता.

आमच्या एका घरातच किती कान आहेत ते सांगते. माझ्या सासूबाईंचं माहेर जत तालुक्यात, पार कर्नाटकाला लागून, घरात कानडीच. कानडीत शब्द शक्यतो स्वरावर संपतो, दूध म्हंजे हालु, गाव म्हंजे ऊरु, बाहेरनं आलेल्या शब्दांनाबी शेपूट लागतं, बस्सु, लैटु, पेपरु. लग्न होऊन विट्याला येऊन त्यांना पंचावन्न वर्षं झाली, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत बोलतात. एका दुपारी शेंगा फोडताना मी त्यांना म्हटलं, आई, मी दोन शब्द म्हणते, सारखे का वेगळे सांगा. "पेन. पेनू." त्या म्हणाल्या, "एकच की गं ते." मी परत म्हटलं, हळूहळू. "एकच म्हनून सांगालोय न्हवं मगाधरनं!" आणि शेंगा माझ्याकडं सरकवल्या. आता ह्यांचा कान बिघडलाय म्हणायचं का? शेजारच्या घरातला कुकर किती शिट्ट्या झाला ते त्या मोजतात! जपानी लोकांचं पण असंच असतं म्हणे. १९९९ मध्येच पॅरिसच्या दुपू आणि त्यांच्या मंडळींनी जपानी आणि फ्रेंच लोकांना 'एब्झो' आणि 'एबुझो' असे बिनअर्थाचे शब्द ऐकवले. फ्रेंचांना फरक कळला, जपान्यांना दोन्हीत 'उ' ऐकू येत होता, जिथं नव्हता तिथंसुद्धा. जपानीत व्यंजनाला व्यंजन असं चिकटत नाही, म्हणून कानानंच मधे उ घातला. जत आणि जपान, काय जोडी जमलीय.

दुसरा कान माझ्या पुतण्याचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत, सोनं-चांदी गाळायची भट्टी घेऊन कुणी केरळात, कुणी पंजाबात. माझे दीर तमिळनाडूत सेलमला. पोरगा तिथंच जन्मला, तिथंच शिकला, जत्रेला आणि मे महिन्यात गावाला येतो. त्याला मी 'सात' आणि 'साथ' म्हणून दाखवलं तर त्याला पत्ताच लागेना. लागणार कसा, तमिळ लिपीत त थ द ध या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. पण 'मन' आणि 'मण' म्हटल्यावर पठ्ठ्यानं क्षणात सांगितलं, "काकी, दुसरं वेगळं आहे, मण् म्हंजे आमच्याकडं माती." तमिळमध्ये कण् म्हंजे डोळा, मण् म्हंजे माती, शब्दाच्या शेवटी जीभ वर वळवून ण म्हणायची त्यांना सवयच. म्हंजे सेलममध्ये वाढलेल्या पोराला ण मध्ये पैकीच्या पैकी आणि विट्याच्या मातीत वाढलेल्याला लाल शेरा. आणि माझ्या शुद्धलेखनाच्या तक्त्यात ह्या दोघांचं कारण एकच लिहिलेलं असायचं: लक्ष देत नाही.

तिसरा कान भाचीचा, ती पुण्यात आयटीत. अमेरिकेतल्या माणसाबरोबर रात्री कॉल असतो. तो 'कॅन' म्हणाला का 'कान्ट' म्हणाला हे सुरुवातीला तिला कळायचंच नाही, कारण तिकडची माणसं शेवटचा ट गिळतात, जीभ टाळूला लावतात आणि तिथंच ठेवतात, सोडत नाहीत. आपण मराठी माणसं शेवटचा ट टप्प करून सोडतो आणि दुसऱ्याचाही तसाच यायची वाट बघतो. एकदा तो म्हणाला येऊ शकत नाही आणि हिनं मीटिंग लावून ठेवली. तेव्हा तिला कुणी कानाच्या डॉक्टरकडं पाठवलं नाही, उलट कंपनीनं ट्रेनिंग दिलं, आणि ट्रेनिंगचं नाव काय, 'ॲक्सेंट'. शहाणपण बघा, इंग्रजीच्या बाबतीत ते ॲक्सेंट असतं आणि मराठीच्या बाबतीत अशुद्ध.

शब्दाचा शेवट हा तसा सगळ्यांचाच नाजूक. सुरुवातीच्या अक्षराला पुढचा स्वर उचलून धरतो, शेवटच्याला कुणी वाली नसतो. माझ्या मैत्रिणीच्या मुलीनं सांगितलं की १९६४ साली लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी जगातल्या अकरा भाषांमध्ये प-ब सारख्या अक्षरांत तोंड उघडल्यापासनं गळ्यातला आवाज सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं तेव्हा त्यात आपली मराठीही होती, पण ती मापं शब्दाच्या सुरुवातीची. सुरुवातीला भ आणि ब मध्ये आमची आजीसुद्धा कधी चुकली नाही, भात तो भातच. शेवटाला आलं की मात्र बघ चं बग होतं आणि ओठ चं ओट होतं.

आणि फोनवर तर विचारूच नका. साधी फोनलाईन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडं नेते, वरचं कापून टाकते, आणि अक्षरांची ओळख पटवणारं काही सामान त्या वरच्या भागात असतं. अण्णांचा किस्सा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी व्यापाऱ्याला फोनवर सांगितलं, "साट पेट्या तयार हायत." त्यानं ऐकलं सात. सात पेट्यांसाठी गाडी कशाला पाठवू म्हणून तो आलाच नाही, आणि द्राक्षाच्या पेट्या एक रात्र शेडमध्ये पडून राहिल्या. साठ मधला ह आधीच गेलेला, उरला ट आणि त एवढाच फरक, तो फोननं खाल्ला. तेव्हापासनं अण्णा फोनवर "सहावर शून्य" म्हणतात. जनावरांच्या बाजारात आपली जुनी माणसं रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची, खरसुंडीच्या जत्रेत मी लहानपणी बघितलंय. ते गुप्ततेसाठी असतं म्हणतात, पण मला आता वाटतं, त्या गोंगाटात साट का सात हा घोळ टाळायला ते बरंच होतं.

तर मूळ मुद्द्यावर येते. मी परत सांगलीला गेले, अण्णांना घेऊन, यादी घेऊन. भीतभीतच गेले, त्या शिकलेल्या आणि मी त्यांना काय सांगणार. पण सांगते, मॅडमनी ऐकून घेतलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "आम्ही जे ऐकू येतं तेच लिहितो." मी म्हटलं, "तोच तर प्रश्न आहे, तुम्हाला जे ऐकू येतं ते." मग त्या जरा थांबल्या आणि हसल्या. दुसरी यादी काढली. त्यांच्याकडं कामाला एक मावशी आहेत, कवठेमहांकाळकडच्या, त्यांना बोलावून शेजारी बसवलं. शब्द मॅडमच म्हणणार, पण उत्तर दोघींनी ऐकायचं, आणि शंका आली की अण्णांना विचारायचं, "म्हंजे काय हो आजोबा?" 'मीठ' ला अण्णा म्हणाले "मीट". मॅडमचं पेन फुलीकडं निघालं तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "विचारा की." विचारलं. अण्णा म्हणाले, "मीट न्हाई म्हाईत? भाजीत घालत्यात ते." बरोबरची खूण. पंचवीसात अठरा आले, बहात्तर टक्के. अण्णांचं वय पण बहात्तर, त्यावर भाऊ काहीतरी बोललाच.

सात तरीही चुकले, आणि ते खरेच चुकले. हे मी मुद्दाम सांगते, कारण शाळेत ही गोष्ट सांगितल्यावर एकजण लगेच म्हणाले, मग कान तपासायलाच नको, सगळं बोलीचंच आहे. तसं नाही हो. अण्णांचा कान उतरलाय, पीं पीं च्या तपासणीत ते दिसतंय, स आणि प त्यांना येत नाहीत, आणि त्याला मशीन हाच उपाय. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं नुसती हसायला लागलीत त्यांनी तपासणी करून घ्याच. माझं म्हणणं एवढंच की कान किती गेला आणि बोली किती, हे वेगळं मोजलं पाहिजे, कारण बावन्न म्हटल्यावर आम्ही मशीनचा विचार सोडूनच दिला होता आणि बहात्तर म्हटल्यावर घेतलं.

आणि हे करायला फार काही लागत नाही. शब्द परत म्हणायला लावण्यापेक्षा चित्रावर बोट ठेवायला सांगता येतं, वाघ ऐकलं की वाघावर. किंवा अर्थ विचारायचा. किंवा उत्तर ऐकायला त्याच भागातलं माणूस बसवायचं, सांगली-साताऱ्यात अशा मावशींना काय तोटा. आणि यादी करतानाच बघायचं की पाट-पाठ, कोन-कोण असल्या जोड्यांवर माणसाचे मार्क लटकवून ठेवू नयेत. माणच्या मेंढपाळाला एक यादी, जतच्या कानडी आजीला दुसरी, असं नाही जमणार, मला कळतं, पण कागदावर नुसता टक्का न लिहिता कुठला शब्द कसा ऐकला ते लिहून दिलं तरी घरचे लोक सांगतील की हे आमच्यात असंच म्हणतात. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय. बाहेरनं बदली होऊन येणाऱ्या डॉक्टरांनी, मॅडमनी, आणि हो, आम्हा शिक्षकांनी पण, ते तासभर ऐकलं तरी पुष्कळ. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यानंतर आमच्या शाळेत पेढे वाटले होते, वाटणारी मीच, आणि पेढे वाटले त्याच दुपारी एका पोरीच्या वहीत 'शेन' ला लाल गोल केला होता.

वहीचं म्हणाल तर गोल मी अजूनही करते. शेण लिहायचं ते ण नंच, त्यात सूट नाही, उद्या पोरीला अर्ज लिहायचाय, परीक्षा द्यायचीय. खरं, आता मी "कान कुठं होता" म्हणत नाही. आता फळ्यावर ण वाल्यांची एक रांग लावते, पाणी, लोणी, शेण, कोण, आणि सांगते की आपल्यात हे न म्हणतात, लिहिताना ण लिहितात, पाठ करून टाका. पाढे पाठ करतात तसं. पोरं करतात. पूर्वी ती माझं तोंड बघत बसायची, बाईंच्या ओठावर काय दिसतंय का म्हणून, आणि न-ण चा फरक काय ओठावर दिसत नाही.

अण्णांच्या दोन्ही कानात मशीन आहे आता. ब्लोअर चालू झाला की काढून खिशात ठेवतात, तेवढं ऐकतात माझं. परवा मी फोन केला, विचारलं आज किती पेट्या गेल्या.

"साट."

मी म्हटलं, "अण्णा, सहावर शून्य ना?"

"मग काय सात पेट्यांला टेंपो लावतूय व्हय गं?" म्हणाले, आणि फोन ठेवला.

आपली,
एक शिक्षिका
विटा, ता. खानापूर, जि. सांगली